ह्यांनी न आणलेली पदवी

माझे मिस्टर एम.ए. झाले, पण पदवी आणायला कधी गेलेच नाहीत.

आज त्यांचा स्मृतिदिन.

लग्न झालं तेव्हा हे चिकलठाण्याला एका कंपनीत लेथवर होते. सेकंड शिफ्ट. सकाळी विद्यापीठात इतिहासाचं एम.ए.
बाहेर विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे, घरात पुस्तकं.

एकाच लढाईवरची दोन पुस्तकं शेजारी उघडून बसायचे. दुसरं मला मोठ्यानं वाचायला लावायचे.
"दोघं एकच गोष्ट वेगळी का सांगतात, ते बघ."
मी चौथी पास. वाचायची गोडी तिथंच लागली.

निकाल लागला. पास झाले.
"पदवी कधी आणायची?"
"विद्यापीठाचं नाव बदलू दे. मग आणू."

पुढं नाव बदललं. म्हणजे जुनं तसंच ठेवून वाढवलं. वस्तीत पेढे वाटले, ह्यांनीही वाटले.
पदवी नाही आणली. विचारलं की म्हणायचे, "बघू."

गेल्या आठवड्यात बहिणीची मुलगी प्रज्ञा आली. ती त्याच विद्यापीठात एम.ए. करते. विषय पब्लिक हिस्टरी, म्हणजे लोकांचा इतिहास लोकांसमोर मांडायचा. नामांतराच्या काळात नोकरी करून शिकलेल्यांचं प्रदर्शन लावतायत. त्यात ह्यांचा फोटो.

"मावशी, फोटोखाली एक ओळ पाहिजे. काकांनी पदवी का नाकारली?"

नाकारली? मी गडबडलेच.

दिरांना विचारलं. म्हणाले, "अर्धं नाव दादाला पटलंच नाय. लई तत्त्वाचा माणूस व्हता."

कंपनीतले रफिकभाई हसायलाच लागले.
"कायका तत्त्व, भाभी! उसकू छुट्टीच नहीं मिलती थी. ऊपर से थर्ड क्लास. शरमाता था."

दोघांनीही ह्यांना जवळून पाहिलेलं. दोघांचंही खरं वाटतं.
पेढे वाटून आल्यावर हे रडले होते, ते मी पाहिलं. आनंदानं की कशानं, विचारलं नाही.

तत्त्व लिहिलं तर लोक मान देतील. मलाही बरं वाटेल.
पण ते ह्यांचं असेल का?

काल प्रज्ञाचा फोन. "मावशी, छापायला द्यायचंय. काय लिहू?"
"लिही, पदवी का आणली नाही, ते त्यांच्या बायकोलाही माहीत नाही."
"अगं, असं कसं लिहू?"
"मला एवढंच पक्कं माहीत आहे. लिही."

अहो, सांगून तरी जायचं होतं.

जय भीम.