नळीसकट दर्शन

देवावर रागावण्याचा अधिकार भक्ताला असतो की नाही, मला ठाऊक नाही. त्या गुरुवारी मी अक्कलकोटला गेले ती भांडायलाच.

माझे वडील, अप्पा, बराच काळ त्रास लपवत होते. रात्री पुन्हा पुन्हा उठणे, धार तुटक होणे, या सगळ्याला ते वय म्हणत; प्रवासात अडचण नको म्हणून पाणीच पीत नसत. मी औषधशास्त्रात संशोधन करते, पण लेकीपुढे असले विषय काढायचे नाहीत, ही आमच्या घरची रीत. अखेर लघवी पूर्ण अडली आणि सोलापूरच्या रुग्णालयात नळी घालावी लागली. प्रोस्टेट ग्रंथी वाढली होती. डॉक्टरांनी नीट समजावले: आधी मूत्राशयाचे तोंड सैल करणारी गोळी, मग नळी काढून पाहायचे, न जमल्यास दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. नळी मध्येच काढली तर पुन्हा अडेल, मूत्रपिंडांनाही धोका.

घरी येताच अप्पा म्हणाले, नळी काढून टाक. लघवीची पिशवी बाळगून सोवळे कसले? त्यांनी देवघरात पाऊल टाकणे सोडले, आणि पूजेशिवाय जेवायचे नाही हा नेम असल्याने जेवणही सुटले. काकांनी वर री ओढली की देवाला विटाळ चालत नाही. मी तर्क मांडले, आवाज चढवला, सारे व्यर्थ. ज्याच्यासाठी हा माणूस उपाशी राहतो आहे त्यालाच जाब विचारू, म्हणून मी गाडी काढली. बाहेरूनच हात जोडीन, या अटीवर अप्पा आले.

मंदिराबाहेर ते पिशवीवर टॉवेल धरून उभे राहिले. दर्शन घेऊन निघालेले एक धोतरवाले आजोबा त्यांच्यापाशी थबकले.

"हितंच का उभारलाव, मालक?"

अप्पांनी नजरेनेच टॉवेल दाखवला. आजोबांनी धोतराचा सोगा किंचित उचलला. आत तशीच नळी होती.

"माझी बी हाय की. आत्ताच आत मिरवून आणली."

"अन् सोवळं?"

"पिशवीत आलं की विटाळ, अन् पोटात होतं तवा काय तीर्थ होतं व्हय?"

अप्पा हसले. कित्येक दिवसांनी हसले, आणि माझा हात धरून आत गेले. त्या दुपारी प्रसादाचा भात त्यांनी दोनदा मागून घेतला. मी आजोबांना शोधले, पण ते निघून गेले होते. याला योगायोग म्हणता येईल; मी वाद घालणार नाही.

गोळीने भागले नाही, शस्त्रक्रियाच करावी लागली. आत नेताना अप्पा म्हणाले, "आता तू काही करू नकोस. बस नुसती." मला आजवर कुणी दिलेली ती सर्वांत अवघड आज्ञा होती. करण्यासारखे सारे करून झाल्यावर हात रिकामे ठेवणे म्हणजेच शरणागती असावी. ते रिकामे हात मी जोडले. रीतीवरचा, काकांवरचा, देवावरचा राग तसाच होता. तो चपलांसारखा बाहेर ठेवून देवापुढे ये, असे मला कुणीच म्हटले नाही. त्यासाठी मी कृतज्ञ आहे.