मुहूर्ताचे जादा सर्व्हर

पुण्याची नोकरी सोडून मी उमरखेडला परत आले तेव्हा भेटेल तो एकच प्रश्न विचारायचा, "काहून आली?" उत्तर देऊन देऊन थकले आणि शेवटी बसस्टँडसमोर एक खोली घेऊन टेबल टाकलं. वेबसाइट बनवून मिळतील, अशी पाटी लावली. पहिले सहा महिने लोक झेरॉक्स आहे का, म्हणून विचारायला यायचे. चिडून मी पाटीखाली 'येथे झेरॉक्स मिळणार नाही' असंही लिहिलं. मग लोक आत येऊन "मंग कुठं भेटते?" असं विचारू लागले.

अशात गावाबाहेरच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, शेटजींचा निरोप आला. बोंडअळीची ती वर्षं. निम्मी बोंडं किडकी निघायची, आणि वेचलेला कापूस घरात राहिला की पिवळा पडायचा. त्यामुळे खरेदी सुरू होताच जो तो माल जिनिंगच्या वजनकाट्यावर न्यायला धावायचा. जिनिंगच्या गेटपासून हमरस्त्यापर्यंत बैलगाड्या, ट्रॅक्टर, पिकअप यांची रांग लागायची. माणसं तीन-तीन दिवस कापसावरच बसून राहायची, भाकरी गावाहून मागवायची. गेटवरचा माणूस चिठ्ठीवर नंबर लिहून द्यायचा, आणि त्याच्या ओळखीच्यांचे नंबर कसे कोण जाणे, नेहमी आधी लागायचे. शेटजींना ही कटकट संपवायची होती. "घरी बसल्या नंबर भेटला पाहिजे, बेटा," ते म्हणाले. मोबाइलवर नाव, गाव आणि अंदाजे क्विंटल भरले की टोकन आणि यायची वेळ मिळेल, अशी साइट मी पंधरा दिवसांत उभी केली. मला तिचा फार अभिमान होता, नको तितका.

साइट ठेवली एका होस्टिंग कंपनीच्या शेअर्ड सर्व्हरवर. म्हणजे एकाच मशीनवर शेकडो साइट, एका नळावर सगळी चाळ. पण मी नोंदणीला पुरता आठवडा दिला होता. रोज थोडी थोडी नावं येतील, आपल्याला घागरभर पाणी पुष्कळ, असं धरून चालले होते.

आठवडाभर एकही नाव आलं नाही. शेवटी मी फुलसावंगीच्या एका काकूंना फोन केला. त्या दरवर्षी इथेच माल आणायच्या. नवरा शाळामास्तर, त्याला काट्यावरचं काही समजत नाही, असं त्या खुशाल सांगायच्या. "काकू, नाव काहून नाही टाकलं?" विचारलं, तर त्याच माझ्यावर उखडल्या. "काटापूजन व्हायचं हाय न अजून! काट्याले हळद-कुंकू लागल्याबिगर नंबर कोण लावते, बाई?"

काटापूजन मला लहानपणापासून माहीत होतं. खरेदीच्या पहिल्या दिवशी मुहूर्त पाहून वजनकाट्याची पूजा होते, नारळ फुटतो, पहिल्या गाडीवाल्याला शेला-टोपी मिळते, मगच माप सुरू होतं. पण हा नियम मोबाइललाही लागू असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्या घरात आजोबांनी धम्म स्वीकारल्यापासून पंचांगच नाही. मुहूर्ताला मी कधी मोजलंच नव्हतं.

त्या वर्षी मुहूर्त दहा वाजून चौदा मिनिटांचा होता. दहा चौदाला नारळ फुटला आणि सगळ्या तालुक्याने एकदम बटण दाबलं. दहा पंधराला माझ्या साइटच्या जागी एक पांढरं पान आलं, त्यावर एकच ओळ, 'हे खातं बंद करण्यात आलं आहे.' कंपनीला फोन लावला. पलीकडचा गोड आवाज म्हणाला, "मॅडम, आपल्या साइटवर हल्ला झाला आहे." मी ओरडले, "अहो, हल्ला नाही, ती फुलसावंगीची माणसं आहेत!" त्याने शांतपणे तक्रार नोंदवून घेतली आणि दोन दिवस थांबायला सांगितलं.

दोन दिवसांत व्हायचं ते होऊन गेलं. गेटवर पुन्हा चिठ्ठ्या निघाल्या, पुन्हा रांग हमरस्त्याला टेकली. काकू रांगेत तिसऱ्या दिवसापर्यंत होत्या. मला पाहून त्यांनी गेटवरची चिठ्ठी तेवढी वर करून दाखवली, आणि तेच मला फार लागलं. गेटवरचा माणूस मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कागदाले करंट लागत नाही, म्याडम." माझं डोकं फिरलं. भर गर्दीत सांगून बसले की पुढच्या वर्षी साइट पडली तर या गेटवर बसून मीच चिठ्ठ्या लिहीन. रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आतापासून अक्षर सुधारजो मंग!" सगळे हसले. शेटजी हसले नाहीत. एकच वर्ष देतो, म्हणाले. पुन्हा फसलं तर हे ऑनलाइनचं खूळ कायमचं बंद.

त्या वर्षात मी क्लाउड शिकले. तिथे आपल्या नावचं एकच मशीन नसतं. गर्दी वाढली की मशीनं आपोआप वाढतात, ओसरली की कमी होतात. मी सगळं तसं बसवलं आणि खोटी गर्दी सोडून पाहिली. साइट पडली. नवीन मशीन सुरू व्हायला चार-पाच मिनिटं लागत होती आणि आमची गर्दी एका मिनिटात यायची. वऱ्हाड जेवून उठल्यावर स्वयंपाक्याला बोलावण्यातला प्रकार होता.

बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. जेवताना मी हे रडगाणं लावलं, तर त्यांनी घास थांबवून विचारलं, "गर्दी कवा येते ते तुले मालूम हाय न?" मी म्हटलं, मिनिटासकट माहीत असते. "मंग रडतं कायले? जत्रेले आमी जादा गाड्या सोडतो, त्या काय गर्दी पाहून आनतो? आदुगरच डेपोत लावून ठेवतो." एवढं बोलून त्यांनी वरण मागितलं. मला ताटावरूनच उठावंसं वाटलं. सगळी पुस्तकं चाळून झाली होती आणि उत्तर आमच्या घरात जेवत बसलं होतं.

मग पंचांग न मानणारी मी शेटजींच्या भटजींकडे गेले आणि मुहूर्त लिहून आणला, दहा वाजून छत्तीस मिनिटं. दहाच्या ठोक्याला सहा जादा सर्व्हर उभे राहतील, अशी वेळ क्लाउडवर लावून दिली.

त्या दिवशी लॅपटॉप घेऊन मी जिनिंगच्या ऑफिसात बसले. दहा वाजले. सर्व्हर एकच. दहा दहा झाले, एकच. मी लावलेली वेळ पुन्हा उघडून पाहिली. मग दिसलं. क्लाउडवरचं घड्याळ आपल्या वेळेवर चालत नाही, साडेपाच तास मागे असतं. माझ्या जादा गाड्या दुपारी साडेतीनला सुटणार होत्या! बाहेर ताटात हळद-कुंकू काढून झालं होतं. मी एकेक सर्व्हर हाताने सुरू केला, स्वतःला शिव्या देत. पहिला, दुसरा, तिसरा. दहा तीसला सहावा जादा सर्व्हर उभा राहिला.

दहा छत्तीसला नारळ फुटला. पडद्यावरची गर्दी दाखवणारी रेघ सरळ वर गेली, आणि साइट हलली नाही. उमरखेड, फुलसावंगी, महागाव, नावांमागून नावं पडत गेली आणि प्रत्येक नावाला टोकन मिळालं. मी टेबलावर इतक्या जोराने हात आपटला की मुनीमजींचा चहा सांडला. असा आनंद मला पुण्याच्या नोकरीत एकदाही झाला नव्हता.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. काकूंचं टोकन साडेबाराचं. आधीच्या गाड्या आपापल्या वेळेला आल्या, मापून गेल्या. साडेबारा झाले, पाऊण झाला, काकू नाहीत. फोन लागेना. टोकन चुकीचं गेलं की काय, म्हणून मी यादी पुन्हा तपासली. एक वाजता पिकअप धुरळा उडवत आली आणि काकू उतरल्या त्या भांडायलाच.

"अवं, गेटवर एक गाडी नाही, एक मानूस नाही! मले वाटलं, जिनिंग बंद झाली. पंपापावतर वापस गेलतो आमी! मंग मोबाइल काढून पाह्यलं, तर टोकनावर आजचीच वेळ. म्हटलं, जाऊन पाहू तर खरं."

माझे डोळे भरून आले होते, हसूही आवरत नव्हतं. पिकअप सरळ काट्यावर गेली. काकू गेटात उभ्या राहून हमरस्त्यापर्यंत पाहत होत्या.

"इतके वर्सं येऊन राह्यली मी इथं," त्या म्हणाल्या, "पन हा रस्ता यवढा रुंद हाय, हे आजच दिसलं मले."