चौथं नाव

गवती चहाचा वास आला की हडपसरच्या टपरीवरची ती सकाळ आठवते. पाहणीवाली एक पोरगी आली आणि देशाचा पैसा चालवणाऱ्या चार बड्या साहेबांची नावं वाचून म्हणाली, "आजोबा, यांना ओळखता?" माझी शाळा चौथीपर्यंत, पण टपरीवरचे सगळे मलाच विचारून मत देणारे. मी प्रत्येक नावाला हो म्हणालो. चौथ्याला तर ठणकावून सांगितलं, "ओळखतो म्हणजे? यानंच तेल महाग केलं!" पोरीला हसू आवरेना. "अहो, असा माणूसच नाही. थापा कोण मारतं ते कळायला आम्ही एक खोटं नाव घालतो." "वा, अर्थमंत्री!" माझ्याच दोस्तानं टाळी मागितली. टपरी सुटून वर्षं झाली. खोटं नाव त्यांनी घातलं, खोटारडा मात्र मी ठरलो.