पाळीखालचा पाझर

मातामायवर मी चिडले होते, हे आधीच कबूल करते. थोडीथोडकी नाही, बोलणं टाकण्याइतकी. ती आमची गावदेवी; लाखांदूरकडच्या आमच्या गावात तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, तिचं ठाणं आहे, आणि लग्न होऊन आल्यापासून माझा मंगळवारचा दिवा कधी चुकला नव्हता. मी गावची आशाताई. दारोदार फिरून बायकांना एकच सांगत आले, गाठ दिसली की लपवू नका, लवकर कळलं की लवकर बरं होतं. आणि माझाच आजार लवकर सापडला, तर डॉक्टर म्हणाले, आत्ता काही करायचं नाही.

झालं असं, की माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी जांघेतली एक छोटी गाठ डॉक्टरांनी सहज म्हणून काढून तपासायला पाठवली. अहवालात लिम्फोमाचं, म्हणजे गाठींच्या कॅन्सरचं, नाव आलं. मग नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं, स्कॅन झाला, दुसरीकडे कुठे काही निघालं नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की काढलेल्या गाठीत थोड्या पेशी बिघडलेल्या निघाल्या, पण त्या आपल्या जागीच बसून होत्या; तशा अंगात आणखीही असू शकतात. पुष्कळांच्या अंगात त्या जन्मभर तशाच राहतात, काहींच्या पुढे वाढतात, आणि कोणाच्या वाढतील ते आज सांगता येत नाही. आत्ता औषध दिलं तर फायदा दिसत नाही, त्रास मात्र होणार. दर सहा महिन्यांनी या. नवी गाठ, ताप, रात्रीचा घाम, उतरणारं वजन, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट पाहू नका. मी मान हलवत ऐकलं आणि आतून पेटले. घरात चोर शिरलेला दिसतोय, आणि म्हणे बसू द्या त्याला.

घरी जाऊबाईंनी आगीत तेल ओतलं. "तूच त सांगत होती ना, लवकर समजलं का लवकर बरं होते म्हनून? मंग तुले काहून वापस पाठवलं?" इतकी वर्षं दिवे लावून हेच मिळायचं होतं का, असं मनात आलं आणि मी मंगळवारचा दिवा बंद केला. तीन मंगळवार तसेच गेले. चौथ्या मंगळवारी मी जे केलं ते लिहितानाही लाज वाटते. ज्या जडीबुटीवाल्याकडे जाऊ नका म्हणून मी बायकांवर ओरडायची, त्याच्याच दारात डोक्यावरून पदर ओढून बसले. त्याने गाठी जाळणारा काढा दिला आणि बजावलं, की हा चालू असेतोवर दवाखान्याचं तोंड पाहायचं नाही. मला ते पटलं. निदान कोणीतरी काहीतरी करत होतं.

परतताना पाळीपाशी बसमधून उतरले. वर जाऊन मातामायला बाटली दाखवायची आणि तिच्यासमोरच पहिला घोट घ्यायचा, असं ठरवलं होतं. पाळीच्या पायथ्याशी एक अनोळखी म्हातारा उकिडवा बसला होता. त्याच्यापुढे जमिनीतून बारीक पाणी झिरपत होतं आणि तो ते ओंजळीत धरून उजेडात निरखत होता. तलाव काठोकाठ भरलेला, पाळीखालून पाणी येतंय, आणि हा नुसता पाहतोय. माझा सगळा राग त्याच्यावर निघाला.

"बाबाजी, पानी झिरपून राहिलं अन् तुमी पाहत बसले? बुजवत काहून नाई?"

त्याने मानही वर केली नाही. "निवळ हाय, बाई. निवळ पान्याले हात लावाचा नसते. खोदाले गेलं का चांगली पाळ ढिली होते. गढूळ आलं, त समजाचं आतली माती वाहून राहिली. मंग अख्खं गाव गोळा कराचं."

"मंग रोज कायले येता?"

"पाहाले. पाहनं काम नोहे का?"

मी तिथेच बसकण मारली. रडू आलं, तेही रागाचंच. डॉक्टरीणबाई दुसरं काय म्हणाल्या होत्या? त्यांच्या सगळ्या बोलण्यातलं मी 'काही करायचं नाही' एवढंच धरून बसले होते. 'दर सहा महिन्यांनी या' हे कानावर पडूनही मी घेतलंच नव्हतं. काढा तिथे ओतायची हिंमत झाली नाही, खाली लोकांचं धान उभं होतं. घरी आणून उकिरड्यावर ओतला.

तो म्हातारा देव होता असं मी म्हणत नाही. तो बिडी ओढत होता. नंतर कळलं, पलीकडच्या गावचा, पूर्वी याच तलावाचं पाणी शेतांना वाटून द्यायचा. आता ते काम राहिलं नाही, तरी येतो. पण त्याच मंगळवारी, मी बाटली घेऊन उतरले त्याच घटकेला त्याला तिथे कोणी बसवलं, हे मी वर जाऊन मातामायला विचारलं. चिडूनच विचारलं, की सांगायचंच होतं तर तीन आठवडे आधी सांगायला काय झालं होतं. मी दिवा लावला.

राग पुरता गेलाय असं नाही. असलं काही अंगात घेऊन जगायला कोणाला आवडेल? पण देवावर सोपवणं म्हणजे डोळे मिटून घेणं, असं जे मी समजत होते, ते चूक होतं. डोळे उघडे ठेवायचे आणि हात आवरायचे. पाहणं माझं मी करते, हात आवरायचं बळ तिच्याकडे मागते आणि ती ते देते. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. बायकांना अजूनही सांगते, गाठ लपवू नका, लवकर दाखवा. त्यापुढे आता जोडते, की डॉक्टर काय म्हणतात ते शेवटपर्यंत ऐकून या. काढ्याची गोष्टही सांगते. त्या हसतात, हसू देत.

परवा तपासणीला निघाले तेव्हा बसला वेळ होता. पाळीखाली गेले. म्हातारा दिसला नाही. मीच उकिडवी बसले, ओंजळ भरली आणि उजेडात धरली. पाण्यातून तळहाताच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या. नागपूरला काय निघेल ते ठाऊक नव्हतं. हात पदराला पुसले, वर पाहून मातामायला नमस्कार केला आणि बस धरली.