तांबड्या काठाचा सनकोट

लातूरला क्लासच्या फाटकाशी मी माझ्या मुलीच्या हातात धपाट्यांची पिशवी दिली, शेंगाचटणीची बरणी दिली, ऊन लागू नये म्हणून माझ्या खिशातला कांदा काढून दिला आणि वर पाचेक मिनिटं उपदेशही दिला. पाणी पीत जा, पंख्याखालची जागा धर, आता पुन्हा चक्कर आली तर आई तुला घरी नेणार आणि तिथं माझं काही चालणार नाही. मुलगी शांतपणे मान हलवत होती. मला जरा भरून आलं, कारण घरी तिनं माझं इतकं कधी ऐकून घेतलं नव्हतं. मग स्कार्फातून आवाज आला, "काका, मी उदगीरची हाय. तुमची पोरगी तिकडं लिंबाखाली हसायलीय."

यात माझी चूक थोडी होती हे मान्य. पण पांढरा सनकोट, डोक्यातोंडाला गुंडाळलेला पांढरा स्कार्फ, हातमोजे, डोळ्यांवर गॉगल. एप्रिलच्या दुपारी क्लास सुटला की अशा मुलींचा लोंढा बाहेर पडायचा. कापूस फुटलेलं शेत उठून चालायला लागावं तसं दिसायचं. त्यात आपली कोणती, हे जन्मदात्यानंही कसं ओळखावं? मोबाइलला होस्टेलात बंदी, म्हणजे फोन लावून कोणाच्या खिशात वाजतो ते बघायचीही सोय नाही.

आठच दिवसांपूर्वी मुलगी क्लासमध्ये चक्कर येऊन पडली होती. क्लास पत्र्याच्या शेडमध्ये. भूकंपानंतर लातुरातल्या बऱ्याच लोकांचा स्लॅबवरचा विश्वास उडाला आणि पत्र्यावर बसला, तो अजून उठला नव्हता. वर ऊन, मध्ये पत्रा आणि खाली पोरं भाजून निघत. होस्टेलच्या बाईंचा फोन आला तेव्हा बायकोनं निकाल देऊन टाकला, "डॉक्टर व्हायच्या आधी पेशंट करायची न्हाई मला तिला. आजून एकदा चक्कर आली की सामान उचलायचं आन् नांदेड."

मुलीनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाबा, परीक्षेला दोनच महिने राहिलेत. तेवढं आईला आवरा."

आईला आवरायचं काम तिनं कोणाला सांगितलं बघा.

खरा गुन्हेगार तो रेडीमेड सनकोट होता. टेरिकॉटचा. ऊन बाहेर अडवायचा हे खरं, पण आतली वाफ आतच शिजवायचा. शिवाय माझी फजिती झालेलीच होती. तेव्हा मी जाहीर केलं की नवीन सनकोट मी शिवून आणतो. थंड, झोकदार आणि लांबून ओळखू येईल असा. हवामान बघून कपडे घालण्यातला मी आमच्या घरातला जाणकार. ही पदवी मला कोणी दिली नव्हती, भूकंपाच्या साली मीच घेतली होती.

तेव्हा आमचं लग्न होऊन चार महिनेसुद्धा झाले नव्हते. नांदेडला आमच्या कॉलनीत एक भिंत तडकण्यापलीकडे काही झालं नाही, पण तिकडच्या बातम्या ऐकून कोणाची घरात झोपायची छाती होईना. सगळी कॉलनी शाळेच्या मैदानावर. संध्याकाळी ऑक्टोबरचा उकाडा, पहाटे गोदावरीकडून बोचरा गारवा. मी लग्नातला थ्रीपीस सूट घालून झोपायचो. विचार असा की पहाटेच्या थंडीत ऊबही मिळेल आणि घर पडलंच तर कोट तरी वाचेल. रात्री आठ वाजल्यापासून घाम फुटायचा. शेजारच्या अंथरुणावरून कोणीतरी ओरडायचं, "नवरदेव, झोपा की आता! वरात उद्या हाय!" आणि मैदानभर हसू पसरायचं. त्या दिवसांत कोणाला हसू येत नव्हतं, म्हणून मीही कोट काढला नाही, असं मी नंतर सांगत आलोय. खरं म्हणजे तो मला फार शोभतो असं वाटायचं.

बायको बाजूलाच एक जुनी सुती साडी दुहेरी करून पांघरायची. हिरवी, तांबड्या काठाची, धुऊन धुऊन मऊ झालेली. संध्याकाळी ती त्यात घामेजली नाही, पहाटे कुडकुडली नाही. या सगळ्यातून मी धडा काय घेतला? तर कोणत्याही हवेत माणसाकडे चांगला कोट पाहिजे.

तोच धडा घेऊन सतरा-अठरा वर्षांनी मी आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे, मास्टरकडे गेलो. मळ दिसू नये म्हणून जाड खाकी ड्रिलचं कापड. रुबाब यावा म्हणून खांद्यावर पट्ट्या. चार खिसे, कमरेला पट्टा, आणि कांद्यासाठी बटणाचा वेगळा कप्पा. मास्टरनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "साब, पोरगी क्लासला चालली का ड्युटीवर?"

मला वाटलं, कौतुक करतोय.

मुलीनं तो एकदा घातला. रविवारी मला परत देताना म्हणाली, "बाबा, मुली मला कंधारचं अर्धं तिकीट मागायल्यात." कोट पिशवीत आणि तिच्या अंगावर पुन्हा तेच टेरिकॉट. गॉगल काढल्यावर बघितलं, डोळे लाल झाले होते. परतीच्या एसटीत अहमदपूर येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. हिला आता घरी आणावी लागणार, असं मला वाटायला लागलं होतं.

घरी बायकोनं खाकी कोट उलटापालटा करून बघितला. कपाट उघडून तिनं तळातनं ती हिरवी साडी काढली आणि माझ्या हातात दिली. "मास्टरला म्हणावं, दुहेरी कर. आन् तुम्ही तिथं थांबू नका."

मास्टरनं दोन बोटांत कापड चोळलं. "हां. हे कापड हाय, साब." ढगळ बाह्यांचा, मोकळा कोट शिवला त्यानं. कॉलरला, बाह्यांच्या टोकांना आणि खाली घेराला तांबडा काठ. माझ्या डिझाइनमधला फक्त कांद्याचा कप्पा ठेवला. तोही बहुतेक माझं मन राखायला.

पुढच्या रविवारी मुलीनं तो फाटकाशीच अंगात घातला, एक गिरकी घेतली, भर उन्हात चौकापर्यंत जाऊन परत आली. "बाबा, आत वारा खेळायलाय!"

त्यानंतर मी पंधरा दिवसांनी गेलो. या वेळी चुकायचा प्रश्नच नव्हता. क्लास सुटला, पांढऱ्या गर्दीत लांबूनच हिरवा कोट दिसला, तांबडा काठ दिसला. मी ताठ मानेनं पुढं झालो, पिशवी दिली, बरणी दिली, कांदा दिला आणि म्हणालो, "शेवटी आईचीच साडी कामाला आली. पण कप्पा माझा, हे विसरायचं नाही."

"काका," स्कार्फातून आवाज आला, "परत मीच हाय. उदगीरची. आईचं जुनं इरकल मागवून घेतलं. धपाटे लई भारी होते मागच्या वेळचे."

मी वर बघितलं. त्या कापसाच्या शेतात जागोजाग काठ उगवले होते. तांबडे, पिवळे, एक जांभळासुद्धा. कोणाकोणाच्या आया चालत येत होत्या म्हणा ना. त्यातून माझी मुलगी पोट धरून हसत माझ्यापर्यंत आली. कप्प्याचं बटण काढून तिनं मागच्या खेपेचा कांदा माझ्या तळहातावर ठेवला. त्याला बोटभर हिरवी पात फुटली होती.

"गरजच पडली नाही, बाबा."

संध्याकाळी घरी पोचल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं, माझ्या फजितीसकट. कोंब आलेला कांदा ओट्यावर ठेवला. ती पदरानं डोळे पुसेपर्यंत हसली. मग तो कांदा हातात घेऊन थोडा वेळ फिरवत राहिली.

"चक्कर?"

"एकदाही नाही."

"मग राहू द्या तिला परीक्षेपतोर," ती म्हणाली. "आन् पुढच्या रविवारी जाताना तुमचा तो लग्नातला कोट घालून जा. तुम्हाला पोरगी वळखू येत न्हाई, तर पोरगी तरी वळखील तुम्हाला."