उदारामनं लिहिलेलं बटण

केशोरीच्या उदारामची हाक पूर्वी धानाच्या शेतातल्या चार बांध्या ओलांडून जायची. तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं घसा धरला, नागपूरला कॅन्सरचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. पाटीवर लिहावं, तर बायकोला, सुशिलाबाईला, वाचता येत नाही. तिला टाळ्या वाजवून बोलावताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सून रुचिका वेबपानं करायला शिकत होती. तयार साचे घ्यायचे नाहीत, ओळ न् ओळ हातानं लिहायची, हा तिचा हट्ट. तिनं सासऱ्यासाठी मोबाइलवर एक साधं पान केलं. बटण दाबलं की फोनातून शहरी बाईचा आवाज येई, "कृपया मला चहा द्या."

"ही कोन सवत आनली जी घरात?" सुशिलाबाई भडकली. "अन् कृपया कायले? तुमी कधी म्हटलं का कृपया?"

उदारामलाही ते परकंच वाटलं होतं. त्यानं सुनेचा लॅपटॉप मांडीवर ओढला.

"मामाजी, शिकता का?" रुचिका हसली. तिनं दाखवलं: बटणाची ओळ कॉपी करायची, खाली चिकटवायची, आतले शब्द बदलायचे. एकेक अक्षर शोधताना म्हाताऱ्याच्या नाकी नऊ आले. एकदा अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं आणि खालची बटणंच गायब झाली.

"बांधीची पार फुटली, मामाजी. पानी वाहून गेलं," रुचिका म्हणाली. शेताला मातीच्या पारी बांधण्यात, पाणी अडवण्यात त्याचा जन्म गेला होता. त्यानंतर चिन्ह सुटलं नाही.

"च्या आन वं," "जेवली का?" अशी बटणं झाली. फोनातली बाई घरच्यासारखं बोलू लागली, तसा सुशिलाबाईचा रागही उतरला.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, सकाळी ती पाहुण्यांसाठी वडे तळत होती. पडवीतून फोन बोलला, "सुशिला."

ती झारा घेऊनच दारात आली. इकडच्या रीतीप्रमाणे उदारामसाठी ती कायम, मुलाच्या नावानं, ‘गजेंद्रची माय’ होती. लग्नातल्या उखाण्यानंतर त्यानं तिचं नाव घेतलंच नव्हतं. हे बटण त्यानं रुचिकाला न विचारता एकट्यानं लिहिलं होतं. आता तो लाजून जमिनीकडे बघत होता.

"आवाज होता तवा काऊन नाही बोलावलं जी असं?" तिचे डोळे भरून आले.

उदारामनं फोन खाली ठेवला.

"ठेवता कायले?" ती म्हणाली. "दाबा आनखी एकडाव."

आत वडे करपले, तरी ती दारातून हलली नाही.