नावं घातलेली भांडी

लंडनमध्ये ईलिंगला आमच्या शेजारी झिंबाब्वेची एक बाई राहते. चित्रकार आहे. लोकांनी टाकलेले पत्रे, कुलपं, वायरी उचलून आणते, कापते, चेपते, तारेनं जोडते आणि भिंतभर पडदे करते. माझा नवरा म्हणायचा, भंगारवाली. मी म्हटलं, तुझ्या गॅरेजपेक्षा तिचं भंगार नीट लावलेलं असतं!

मागच्या वर्षी एका आर्ट गॅलरीनं तिला पहिल्यांदाच अख्खी भिंत दिली. साठीला टेकलेली बाई, नुसती नाचत होती. तिला जुनं स्टील हवं होतं. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी लॉफ्टमधली आपली पोचे पडलेली ताटं, डबे तिच्यापुढे आणून ठेवायला लावले. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव घातलेलं.

"अहो आई, लग्नातली भांडी देताय?"

"मग काय! लॉफ्टमध्ये कोण वाचणार होतं?"

बाईनं एकेक नाव माझ्याकडून वाचून घेतलं, माणूस कोण ते विचारलं, आणि सगळी नावं समोर येतील असं स्टील कापलं.

गॅलरीवाला तिच्याकडे काम बघायला आला तेव्हा सासूबाई आणि मी तिथेच होतो. तो म्हणाला, "हे ओरखडे मागच्या बाजूला घ्या. नाहीतर भिंत दुसऱ्याला द्यावी लागेल." ओरखडे म्हणे! माझं डोकंच फिरलं. सासूबाईंना मराठीत सांगितलं, तर त्या कासावीस झाल्या. "उलटी लाव म्हणावं तिला. आमच्यापायी तिची भिंत नको जायला."

मी तिला तसं सांगितलं. तिनं पक्कड खाली ठेवली आणि त्याला म्हणाली, "ही माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहणार नाहीत. द्या दुसऱ्याला."

काय बाई आहे! असा अभिमान मला माझ्या डिग्रीचाही वाटला नव्हता. तो निघून गेला. पुढचे कितीतरी दिवस फोन नाही, काही नाही. सासूबाईंचं जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी निरोप आला, आहे तसंच आणा.

उद्घाटनाला सासूबाई नारायणपेठी नेसून, पायात ट्रेनर्स घालून आल्या. लोक विचारत होते, त्या सांगत होत्या, मी इंग्रजी करत होते. मग तोच गॅलरीवाला हळूच जवळ आला. मधल्या एका ताटावरच्या नावाकडे बोट करून त्यानं विचारलं, हे कोण?

सासूबाई माझ्यासाठी थांबल्याच नाहीत.

"माय मदर," त्या म्हणाल्या. "फर्स्ट टाइम लंडन."